जीपच्या पाठीवरील स्टेपनी : तिची बैठक व बांधणी

या स्मरणिकेसाठी कडधान्याच्या साठवणीवर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. त्या विषयाचे माझ्याहून अधिक जाणते सभासद आपल्या बाजारात पुष्कळ आहेत व त्यांपैकी काहींचे लेख मागील अंकांतून येऊनही गेले आहेत. मी मात्र यंदा एका अगदी वेगळ्या वस्तूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी असते. परंतु टायर फुटेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. जीपच्या मागे टांगलेले जादा चाक, म्हणजेच स्टेपनी, आणि ती ज्या लोखंडी आधारावर बसते तो आधार. त्या आधारास या लेखात मी 'बैठक' असे म्हणणार आहे.

धान्याच्या व्यापाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. सुगीच्या दिवसांत पश्चिमेस खानापूर-चंदगडच्या तांबड्या मातीच्या, पावसाने धुऊन निघालेल्या वाटांनी भातासाठी जावे लागते. आणि पूर्वेस बैलहोंगल-सौंदत्तीकडे ज्वारी-हरभऱ्यासाठी काळ्या रानातील गाडीवाटा तुडवाव्या लागतात. अशा वाटांवर साधी मोटार चालत नाही, म्हणून आपल्या पेढ्यांवर जीप आली. अलीकडे आपली तरुण मुले हौसेनेही तशा गाड्या घेतात, चोर्ला घाटाच्या बाजूस रानवाटा धुंडाळतात, आणि घरी येताच गाडीला मोठे टायर, नवे बंपर, नव्या बैठका बसवून घेतात. हौसेला माझी ना नाही. पण ही बैठक कशी बसवावी हे बसवून घेणाऱ्यास ठाऊक नसते, आणि बसविणाऱ्या मिस्त्रीस पुष्कळदा ते विचारले जात नाही. या अज्ञानाची किंमत गाडीच्या मालकापेक्षा तिच्यामागून येणाऱ्यास अधिक मोजावी लागते.

'स्टेपनी' हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो एका रस्त्याच्या नावावरून आला हे सांगितल्यास नवल वाटते. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे; टायर फुटला की रस्त्यातच तो उतरवून दुरुस्त करीत बसावे लागे. १९०४ साली या बंधूंनी आऱ्या नसलेली, हवा भरलेला टायर चढविलेली एक लोखंडी धाव तयार केली. फुटलेल्या चाकाच्या शेजारी ती चिमट्यांनी आवळून बसवावयाची व पुढे निघावयाचे, अशी ती युक्ती होती. इंग्रजांच्या देशात तो शब्द आज जवळजवळ विस्मरणात गेला. आपल्याकडे मात्र प्रत्येक गॅरेजात तो जिवंत आहे. एका दुकानदाराच्या गल्लीचे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या तोंडी राहावे, हे व्यापारी मंडळींस लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जीपपुरते बोलावयाचे तर, स्टेपनीची जागा हा प्रश्न तिच्या जन्मापासूनचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज कंपनीच्या जीपमध्ये स्टेपनी मागील पत्र्यावर एका बाजूस व पेट्रोलचा डबा दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी होती. त्या जीपला मागे उघडणारा फाळका नव्हता, त्यामुळे मागील पत्रा एकसंध होता व त्यावर भार देता येई. युद्ध संपताच, १९४५ साली, त्याच कंपनीने शेतकरी व उदमी लोकांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली. तिला माल चढविण्यासाठी मागे फाळका दिला. आणि फाळका आला म्हणून स्टेपनीस मागून निघून कुशीवर जावे लागले. पुढे मुंबईस महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी व नंतर निर्मिती केली, आणि त्या वंशातील गाड्या आपल्या भागातील वाटांवर कित्येक दशके राबल्या. माल चढविण्यास पाठ मोकळी हवी आणि स्टेपनीही पाठीवरच हवी, या दोन मागण्यांत जे भांडण १९४५ साली लागले, ते आजही मिटलेले नाही. आजच्या बहुतेक नव्या बैठका म्हणजे या भांडणातील तडजोड होय.

इतर जागांचा विचार थोडक्यात करतो. लँड रोव्हर गाड्यांत स्टेपनी बॉनेटवर ठेवण्याची पद्धत पुष्कळांनी पाहिली असेल. तेथे ती भक्कम बसते, परंतु चालकाची पुढील नजर अडवते आणि इंजिन पाहण्यासाठी दर वेळी तेवढे ओझे उचलावे लागते. चासीखाली साखळीने टांगण्याची पद्धत मालमोटारींस ठीक आहे. दगडधोंड्यांच्या वाटेवर मात्र गाडीचे पोट खाली येते आणि चढ चढताना मागचे टोक टेकते. शिवाय गाडी चिखलात रुतलेली असता खालून चाक काढणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा केले त्यास सांगावयास नको. कुशीवरचे चाक अरुंद वाटेत बांधास व कुंपणास घासते. टपावर ठेवल्यास गाडीचा तोल वर जातो. वळणावर व उतारावर ते धोक्याचे. राहता राहिली पाठ, आणि आजच्या बहुतेक जीपांनी तीच पत्करली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. बैठकीस चाकाचे वजन पेलावयाचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. 'पंचवीस-तीस किलोचे चाक, त्याला एवढे लोखंड कशाला?' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; यंत्रशास्त्राचे पुस्तक मी वाचलेले नाही. परंतु ज्याने गोदामातील जुना प्लॅटफॉर्म काटा चालविला आहे त्यास हा समज चुकीचा का, हे कळण्यास पुस्तकाची गरज नाही. त्या काट्याच्या दांडीवर लहानसे वजन टांगून आपण क्विंटलभराचे पोते तोलीत होतो. लहान वजनाने मोठे पोते उचलले जाई, कारण ते टेकूपासून दूर टांगलेले असे. अंतर वाढले की वजनाचा जोर वाढतो. स्टेपनीचेही तंतोतंत असेच आहे. ती फाळक्यास चिकटून नसते. फाळक्यापासून काही अंतरावर बाहेर टांगलेली असते. ते अंतर म्हणजेच काट्याची दांडी.

हिशेब मांडून पाहू. चाक ३० किलोचे धरा, आणि त्याच्या वजनाचा मध्य फाळक्याच्या पत्र्यापासून २० सेंटिमीटर बाहेर आहे असे धरा. तीस गुणिले वीस म्हणजे ६००. आता बैठकीचे वरचे व खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंटिमीटरवर असतील, तर खालच्या बोल्टांवर टेकून वरच्या बोल्टांना ६०० भागिले २० म्हणजे ३० किलो जोराने बाहेर ओढले जाते. तेच बोल्ट केवळ १० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ओढ ६० किलोची होते. चाक तेच, बोल्ट तेच, लोखंडही तेच. फक्त बैठकीची पट्टी आखूड केली म्हणून ओढ दुप्पट झाली. स्वस्त बैठका आखूड पट्टीच्या असतात, हे बाजारात जाऊन कोणीही पाहावे.

हे झाले गाडी उभी असतानाचे. गाडी खड्ड्यातून आपटली की चाक क्षणभर आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट जड होते. पोते हातावर अलगद ठेवणे व वीतभर उंचीवरून हातावर टाकणे यांत जो फरक, तोच येथे आहे. म्हणजे आखूड पट्टीच्या बैठकीवर त्या क्षणी ओढ २४० किलोच्या घरात जाते, आणि ती घेणारा फाळक्याचा पत्रा जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा असतो. एका धक्क्याने तो फाटत नाही. परंतु रोज शेकडो धक्के बसतात. तार वाकवून-वाकवून जशी तुटते, तसा पत्रा भोकाच्या कडेपासून किंवा वेल्डिंगच्या टोकापासून केसासारखी भेग घेऊ लागतो. ती भेग रंगाखाली झाकलेली राहते. ती डोळ्यांस दिसेपर्यंत निम्मे काम झालेले असते.

आमच्या पेढीच्या एका जीपवर हा प्रकार घडला. शहरातील एका गॅरेजने नवी बैठक बसविताना मागून पट्टी न देता ती सरळ फाळक्याच्या पत्र्यावर वेल्ड करून दिली होती, व वरून सुबक रंग काढला होता. त्या पावसाळ्यात खानापूरकडून परतताना पत्रा अर्धचंद्राकार फाटला आणि चाक बैठकीसकट रस्त्यावर पडले. मागून येणाऱ्या मोटारसायकलवरील तरुणाने ते चुकविण्यासाठी गाडी वळविली व तो घसरून पडला. त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. मागे बसलेली त्याची धाकटी बहीण खरचटण्यावर निभावली. औषधोपचाराचा खर्च पेढीने केला. तो तरुण रोजंदारीवर गवंडीकाम करणारा होता, आणि दोन महिने त्यास थापी उचलता आली नाही. चाक पुढे उड्या मारीत भाताच्या खाचरात जाऊन पडले होते. ते उचलताना मी पाहिले, पाचही नट जसेच्या तसे घट्ट होते. चाक बैठकीस उत्तम बांधलेले होते; बैठक मात्र गाडीस बांधलेली नव्हती. ती केवळ पत्र्यास चिकटविलेली होती.

यावरून पुढील सर्व विवेचन निघते. बैठकीचा भार गाडीच्या ज्या भागास पेलवतो त्या भागापर्यंत, म्हणजे शक्यतो चासीपर्यंत, नेऊन पोचविला पाहिजे. पत्रा हा गाडीचा अंगरखा आहे. अंगरख्याच्या खिशात कोणी शेर-पसाभर खिळे टाकून हिंडत नाही.

ज्या गाडीस फाळक्यावरच बैठक आहे व ती कंपनीने दिलेली आहे, तिचा फाळका आतून पोलादी पट्ट्यांनी भक्कम केलेला असतो. तेथे मूळच्याच मापाचा टायर ठेवला तर काळजीचे कारण नाही. जुन्या जीपवर किंवा बाहेरून आणलेल्या बैठकीसाठी मात्र फाळक्याच्या आतल्या बाजूने चार-पाच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी द्यावी. ती बाहेरील बैठकीपेक्षा चहू बाजूंनी मोठी असावी, आणि तिच्या कडा व कोपरे कानशीने गोल करावेत. धारदार कड पत्र्यास कापते. पट्टी फाळक्याच्या बिजागऱ्यांपर्यंत पोचविता आली तर उत्तमच, कारण भार शेवटी बिजागऱ्यांतूनच चासीकडे जावयाचा असतो. बोल्ट किमान दहा मिलिमीटरचे व डोक्यावर ८.८ ही खूण असलेले घ्यावेत. ही खूण नसलेला बोल्ट दिसावयास तसाच असतो, पण त्याचे पोलाद मऊ असते. दोन रुपयांच्या बचतीसाठी खूण नसलेला बोल्ट घेणे म्हणजे ओल्या पोत्यावर सुक्या धान्याचा भाव मोजण्यासारखे आहे. नट नायलॉनचे कडे असलेले, म्हणजे नायलॉक, घ्यावेत. धक्क्यांनी ते सैल होत नाहीत. मात्र एकदा काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नये.

मोठा टायर, म्हणजे चासीवर बैठक, हे समीकरण समजावे. येथे आपल्या तरुण मंडळींस विशेष सांगावयाचे आहे. मूळचे चाक २५ किलोचे व त्याचा मध्य १८ सेंटिमीटरवर होता असे समजा, गुणाकार ४५०. हौसेने घेतलेला रुंद टायर लोखंडी रिमसह ३८ किलोचा होतो, आणि रुंदीमुळे त्याचा मध्य २३ सेंटिमीटरवर सरकतो, गुणाकार ८७४. वजन दीडपट झाले असे वाटते, पण बैठकीवरील जोर जवळजवळ दुप्पट झालेला असतो. वजन व अंतर अशी दोन्ही खाती एकदम वाढतात, आणि पाहणारा त्यांतील एकच खाते पाहतो.

चासीवर बसवावयाची बैठक बहुधा झुलत्या बाहूची असते. मागील बंपरच्या एका टोकास उभा खुंट, त्याभोवती फिरणारा पोलादी नळीचा बाहू, व त्या बाहूवर चाक. फाळका उघडावयाचा तर आधी बाहू कडेला फिरवावयाचा. अशा रीतीने फाळक्यास चाकाचा भार मुळीच लागत नाही, आणि १९४५ सालचे ते भांडण बऱ्यापैकी मिटते. मात्र येथे काट्याची दांडी आणखी लांब झाली, हे विसरू नये. खुंटापासून चाकाचा मध्य ६० सेंटिमीटरवर असेल, आणि खुंटाचे वरचे व खालचे आधार ४० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ३० किलोचे चाक वरच्या आधारास ४५ किलोने ओढते. आधार २० सेंटिमीटरवरच असतील तर ९० किलोने, आणि खड्ड्यात त्याच्या चौपट. म्हणून खुंट उंच असावा, त्याचे दोन आधार जितके दूर ठेवता येतील तितके ठेवावेत. खुंटाची सळई पाऊण इंचाची पुरत नाही. इंचाची तरी असावी, आणि पितळी बुश व ग्रीस भरावयाचे तोंड असावे. काही चतुर मिस्त्री ट्रेलरच्या चाकाचा जुना हब त्याच्या निमुळत्या बेअरिंगांसह या जागी बसवितात. दिसावयास ते ओबडधोबड, पण मी पाहिलेल्या बैठकांत तीच सर्वांत निर्वेध चाललेली आहे.

बाहूचे मोकळे टोक बंद स्थितीत नुसते खटक्याने अडकविणे पुरेसे नाही. खटका बाहूस उघडू देत नाही, पण त्याचे वजन उचलीत नाही. त्यासाठी बंपरवर त्या टोकाखाली एक लहान उतरती पाचर बसवावी. बाहू बंद करताना त्याचे टोक पाचरीवर किंचित चढून बसले पाहिजे, इतके की हात सोडल्यावर खुंटावरचा निम्मा भार पाचरीने घेतला असे जाणवावे. एवढ्या एका पाचरीने खुंटाचे आयुष्य कितीतरी वाढते, आणि खडखड थांबते ती वेगळीच. खटक्याशिवाय एक आडवी खीळ, साखळीने बांधलेली, हवीच. खटका निसटला तरी खीळ धरून ठेवते. तसेच बाहू उघडा राहावा म्हणूनही एक अडसर लागतो. गाडी उतारावर उभी असता उघडलेला बाहू चाकासकट परत फिरतो व माल उतरविणाऱ्या हमालाच्या पाठीवर आदळतो. हमालाच्या बाजूने विचार करणे हे आपल्या धंद्यात नवे नाही.

चासीच्या पेटीसारख्या पोकळ तुळईस आरपार भोक पाडून बोल्ट घालावयाचा असेल, तर आत पोलादी नळीचा तुकडा अवश्य घालावा. तुळईच्या दोन्ही भिंती त्या तुकड्यावर टेकतात. तो नसेल तर नट आवळताना भिंती आत दबतात. वरवर नट घट्ट वाटतो, पण काही दिवसांत भिंती आणखी बसून तो सैल होतो. भोक तुळईच्या उंचीच्या मध्याजवळ पाडावे, वरच्या-खालच्या कडेजवळ नव्हे, कारण वाकण्याचा ताण कडांवरच अधिक असतो. चासीवर वेल्डिंग शक्य तो टाळावे. टाळता येत नसेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्या, पेट्रोलची टाकी व नळ्या कोठून जातात ते आधी पाहावे, आणि विशेषतः तुळईच्या रुंदीभर आडवी शिवण कधीही घालू नये. अशा आडव्या शिवणीवर चासी मोडते.

आता प्रत्यक्ष माप घेण्याविषयी. चाकाच्या भोकांचे वर्तुळ किती व्यासाचे, हे आधी ठरवावे लागते. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक येत नाही, म्हणून अनेकांचा गोंधळ होतो. लगतच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास १.७ ने गुणावे. वर्तुळाचा व्यास मिळतो. विलीज वंशाच्या जीपांत लगतचे अंतर सुमारे ८२ मिलिमीटर भरते व व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर येतो. पाचही खुंट्या ठेवण्याची गरज नाही, तीन पुरतात. जाड पुठ्ठ्यावर चाकाची भोके आखून त्याचा नमुना कापावा व तो गाडीमागे धरून पाहावा. मागे बसविलेल्या चाकाने नंबरपाटी, मागील दिवे किंवा नव्या गाड्यांतील कॅमेरा झाकला जात नाही ना, आरशातून मागचा रस्ता दिसतो ना, हे सर्व एकदाही ड्रिल न चालविता पुठ्ठ्यावर कळते. नंबरपाटी व तिचा दिवा झाकला जाणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात असावे. बंपर बदलून झुलता बाहू बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करून घेणे शहाणपणाचे.

चाक टांगताना ते कोणत्या तोंडाने आत करावे? ज्या तोंडाने त्याचा मध्य गाडीच्या अधिक जवळ येतो त्या तोंडाने. काट्याची दांडी तेवढीच आखूड होते. शिवाय टायर व फाळका यांच्या मध्ये दोन-तीन रबरी गट्टू बसवावेत, आणि नट आवळल्यावर टायर त्यांवर किंचित दबलेला असावा. दबलेला टायर थरथरत नाही; जो थरथरत नाही तो पत्रा मोडीत नाही. बैठकीच्या खुंट्यांवर चाकाचेच निमुळत्या तोंडाचे नट वापरावेत, म्हणजे चाक आपोआप मध्यावर बसते. विलीजच्या युद्धकालीन जीपांत डाव्या चाकांचे आटे उलटे असत. एखाद्या सभासदाकडे असे जुने रत्न जपलेले असेल तर त्याने बैठकीवर उलट्या आट्यांचे नट ठेवू नयेत, अंधारात फार घोटाळा होतो.

सर्व लोखंडास, विशेषतः दोन पट्ट्या एकमेकींवर बसतात त्या आतल्या बाजूंस, जुळणीपूर्वी रेड ऑक्साइड द्यावे. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्या गाडीने चार महिने सोसला तिच्या पट्ट्यांमध्ये पाणी शिरतेच, आणि आतून लागलेला गंज बाहेरच्या रंगास दिसत नाही. नळीचा बाहू असेल तर त्याच्या तळास एक लहान भोक पाडून ठेवावे. आत साचलेले पाणी निथळून जाते. फाळक्याच्या पाडलेल्या भोकांच्या कडांस रंग देण्यास बहुतेक मिस्त्री विसरतात. तेथे आपण स्वतः उभे राहावे.

बसवून झाल्यावर तपासणी. चाक दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावे. संपूर्ण गाडी डोलली पाहिजे, चाक एकटे हलता कामा नये. प्रत्येक नटावर व त्याखालच्या पट्टीवर मिळून एक पांढरी रंगाची रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटते, आणि पेढीवरचा पोऱ्यासुद्धा ते सांगू शकतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, नंतर हजार किलोमीटरवर एकदा, व पुढे दर सुगीच्या आरंभी. दहा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टास पंचेचाळीस-पन्नास न्यूटन-मीटर जोर पुरतो. मोजणारा पान्हा चांगल्या गॅरेजात असतो, तो मागून घ्यावा. नळी लावून पान्हा लांब करणे व त्यावर उभे राहणे ही मर्दुमकी नव्हे. तेणे करून बोल्ट ताणला जाऊन आतून दुबळा होतो.

काही नव्या गाड्या आता स्टेपनीशिवायच येतात, मग एवढा खटाटोप कशास, असे एका तरुण सभासदाने मला विचारले. त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२० साली केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली, आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीस ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर काढण्याचा संच असल्यास स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिली नाही. शहरातील व हमरस्त्यावरील मोटारीस ते योग्यच आहे. परंतु त्या संचाने खिळ्याचे भोक बुजते. दगडाच्या धारेने टायरची कूस चिरली तर ते कापड त्या संचाने शिवता येत नाही. रानवाटेवर टायर बहुतेक कुशीतच चिरतो. तेव्हा आपल्यासारख्यांस स्टेपनी सोडता येणार नाही.

राहिली टांगलेल्या टायरची निगा. पाठीवरचा टायर ऊन, पाऊस व मागील चाकांनी उडविलेला चिखल बारमाही सोसतो, पण झिजत नाही. म्हणून तो नवा आहे असा भास होतो. टायरच्या कुशीवर चार अंकांचा एक लहानसा शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हा शिक्का वाचावा, आणि पाच-सहा वर्षे उलटली असतील तर रबरात बारीक चिरा आहेत काय ते उन्हात पाहावे. चाक टांगताना हवेचे तोंड खालच्या अंगास व बाहेर येईल असे ठेवावे, नाहीतर हवा पाहण्यासाठी चाक उतरवावे लागते आणि मग ती कोणी पाहत नाही. चोरीच्या भीतीने एका खुंटीवर किल्लीचा नट लावण्याची पद्धत चांगली आहे. मात्र त्याची किल्ली जॅक व पान्ह्याच्याच पिशवीत, गाडीत ठेवावी. ती घरच्या तिजोरीत असल्याचे अनेकांना कणकुंबीच्या पलीकडे आठवते.